पांढऱ्या दोऱ्याचा ब्रश

मेलेल्या अळीलाही आमच्या मॅडम दोनदा विचारायच्या. ब्रशच्या टोकाने हळूच शिवायचं, थांबायचं, पुन्हा शिवायचं. हललीच नाही तरच वहीत 'मेली'. "दिसतेय तशी, म्हणून मेली म्हणायचं नाही गं," त्या मला बजावायच्या. पनवेलच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत पाठीमागे सगळे त्यांना अळीबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

हरभऱ्यावरच्या घाटेअळीला एक विषाणू मारतो. फवारणीच्या औषधाऐवजी तो चालेल का, हे आम्ही तपासत होतो. एका ट्रेतल्या अळ्यांच्या खाण्यात विषाणू, दुसऱ्यात नुसतं पाणी. पाण्याच्या ट्रेतल्या जगल्या तरच प्रयोग खरा. एकमेकींना खातात म्हणून प्रत्येकीला वेगळी डबी, रोज ताजं खाणं. उरणहून झाडलोटीला येणाऱ्या मावशी वैतागायच्या, "आळ्या जेवल्या, बाय अजून जेवली नाय!"

ब्रश दोन. पांढऱ्या दोऱ्याचा पाण्याच्या ट्रेला, लाल दोऱ्याचा विषाणूच्या. "आधी देवघर पुसायचं, मग मोरी," म्हणजे आधी पाण्याचा ट्रे, मग विषाणूचा, हे मॅडमकडून रोज ऐकून माझे कान किटले होते.

त्या शनिवारी मैत्रिणींबरोबर कर्नाळ्याला जायचं होतं. खाली रिक्षा हॉर्नवर हॉर्न देत होती, मॅडम मीटिंगला गेलेल्या. मी लाल ब्रशने विषाणूचा ट्रे तपासला आणि त्याच ब्रशने पाण्याचाही. निम्म्यावर लक्षात आलं. कोणाला कळतंय, म्हटलं, आणि पळाले.

पुढच्या आठवड्यात पाण्याच्या ट्रेतल्या अळ्या मऊ, काळपट होऊन झाकणांना उलट्या लोंबू लागल्या. मॅडमनी एकेकीला शिवून पाहिलं, दोनदा. मग वहीत एकेकीपुढे 'मेली' लिहिलं. अख्खा हंगाम फुकट गेला, प्रकल्प बंद झाला आणि त्यावरची त्यांची नोकरीही गेली. मी रोज सांगायचं ठरवायचे, पण मेली जीभच उचलायची नाही.

गावी निघाल्या तेव्हा सोडायला एसटी स्टँडवर गेले. खिडकीतून त्यांनी पांढऱ्या दोऱ्याचा ब्रश माझ्या हातात ठेवला. "अहवालात लिहिलंय, ब्रशची चूक माझी. तुझी आत्ता कुठे सुरुवात आहे." मी म्हटलं, "जपून जा, मॅडम." बस्स, एवढंच!

आता मी रोडपालीला राहते. गॅलरीतल्या लिंबाच्या कुंडीत एखादी अळी उलटी लोंबताना दिसली की अंगावर काटा येतो.

गेल्या वर्षी त्यांच्या बहिणीचा फोन आला, ताई गेली म्हणून. माझ्या तोंडून भलतंच निघालं, "नीट बघितलंत ना? पुन्हा एकदा हात लावून बघा ना!" त्या बिचाऱ्या रडायच्या थांबल्या. त्यांना काय सांगू, मला मॅडमना अजून सांगायचं होतं.