दुसरं अॅब्लेशन

कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझा ईसीजी काढणाऱ्या बाईंनी कागदाची पट्टी पाहिली, पुन्हा एकदा काढली आणि विचारलं, "जिना चढून आलात का?" मी लिफ्टने आलो होतो.

त्याआधीचं वर्षभर मी थकलेलाच होतो. कात्रजहून हिंजवडीला जाणारी बस, तिकडे सॉफ्टवेअरच्या चाचण्या, परदेशी ग्राहकांचे फोन. टीममधले सगळेच दमलेले असायचे, त्यामुळे आपलं काही वेगळं आहे असं वाटलं नाही. पण माझ्या हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नव्हते, नुसते थरथरत होते. डॉक्टर म्हणाले, "हे मधूनमधून होणारं नाही. कायम चालू आहे." गोळ्या झाल्या. विजेचा झटका देऊन ठोके ताळ्यावर आणले, ते तीन आठवडे टिकले. मग अॅब्लेशन करायचं ठरलं. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची आणि जिथून हे चुकार ठोके सुटतात, त्याभोवतीची जागा आतून भाजून काढायची.

मला भूल दिली होती, त्यामुळे ते चार तास मला माहीतच नाहीत. ते बायकोने बाहेरच्या बाकावर बसून काढले. ती शाळेत गणित शिकवते. नारायण पेठेत वाढलेली असल्यामुळे काळजीसुद्धा टोमण्यातून करते. शुद्धीवर आलो तेव्हा म्हणाली, "झाली का झोप? आता पाय हलवू नका, सहा तास."

पुढचे काही महिने बरे गेले. मी यवतमाळला आईकडे जाऊन आलो, भावाबरोबर शेतावर चालत गेलो. मग एका सकाळी दाढी करताना छातीत तीच थरथर सुरू झाली. सोमवारी जाईल, बुधवारी जाईल म्हणत मी दोन आठवडे काढले. बायकोला सांगितलं नाही. तिच्या शाळेत परीक्षा चालू होत्या आणि पहिल्या वेळच्या धावपळीतून ती नुकतीच सावरली होती. आमच्या इमारतीची लिफ्ट तेव्हा बंद होती. दुसऱ्या मजल्यावर मी थांबायचो आणि मोबाईल बघत असल्यासारखं करायचो.

एकदा ती पिशव्या घेऊन माझ्या मागून येत होती. घरात आल्यावर तिने भाजी ओट्यावर ठेवली.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.

"कशाला?"

"अहो, मोबाईल तुमचा इथे चार्जिंगला आहे. जिन्यात तुम्ही हातातलं पाकीट बघत होतात."

मला हसू आलं आणि मग एकदम खुर्चीवर बसावं लागलं. ती रागावली नाही. नुसतं म्हणाली, "मला न सांगून माझं काय वाचवलंत?"

दुसरं अॅब्लेशन झालं. या वेळी माझी भीती कमी होती, पण उत्साहही नव्हता. पुन्हा उपास, पुन्हा सह्या, पुन्हा सरळ पडून राहणं. ऑफिसात मी स्वतःहून टीम सोडली आणि हलकं काम मागून घेतलं. साहेबांनी इतक्या पटकन हो म्हटलं की थोडं वाईट वाटलं.

तीन महिन्यांनी तपासणीला गेलो. ओपीडीत गर्दी होती. बायको खुर्चीत बसल्याबसल्या झोपली, तोंड किंचित उघडं, पर्स मांडीवर. इतकं दमलेलं मी तिला पाहिलंच नव्हतं, म्हणजे पाहायला माझं लक्षच कुठे होतं. माझा नंबर पुकारला, तेव्हा तिला उठवावंसं वाटेना. एकटाच आत गेलो. डॉक्टरांनी ईसीजी पाहिला. "ठोके नियमित आहेत," म्हणाले. मी आभार मानून बाहेर आलो.

ती जागी झाली होती. "काय म्हणाले?"

"ठीक आहे म्हणाले."

"ठीक म्हणजे? रक्त पातळ करायची गोळी बंद करायची का? चालायला किती जायचं? परत झालं तर?"

मी यातलं एकही विचारलं नव्हतं. तिने पर्समधून वहीचं पान काढलं. सात प्रश्न होते, क्रमांक घालून. "मला झोपू दिलंत ते कळलं," ती म्हणाली, "पण मी इथे झोपायला आले नव्हते."

मदतनीस बाईंना विनंती करून आम्ही पुन्हा आत गेलो. डॉक्टरांनी सगळी उत्तरं दिली. गोळी चालू ठेवायची. रोज अर्धा तास चालायचं, दम लागला तर थांबायचं. शेवटचा प्रश्न तिने पान न बघता विचारला. "पुन्हा होईल का?"

"होऊ शकतं," डॉक्टर म्हणाले. "झालं तर लगेच या, दोन आठवडे थांबू नका."

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. उत्तर लिहून घेतलं, पेनाला टोपण लावलं आणि उठताना माझ्या दंडाला धरून उठली.