मुन्शीजींनी खोडलेली ओळ

"पयले तकलीफ सांगा, मंग नाव."

पेनाचं टोपण दातांत धरून मुन्शीजी हे म्हणायचे, त्यामुळे ते धड ऐकूही यायचं नाही. पण आदिलाबादच्या कचेरीत खेटे घालणाऱ्या माणसाला ते बरोबर समजायचं. असा अर्ज लिहून देणारा म्हातारा कुठल्या ना कुठल्या कचेरीबाहेर तुम्हीही पाहिला असेल. आमच्या मुन्शीजींचं टेबल माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला चिकटून होतं, आणि त्यांचा पंखा, पाणी, चहा सगळं माझ्या माथी.

माणूस मराठीत सांगायचा, मुन्शीजी तेलुगूत उतरवायचे. शेवटची ओळ मात्र सगळ्यांना एकच : अर्जदार गरीब व लाचार आहे, मेहेरबानी व्हावी. एकदा एका ट्रॅक्टरवाल्याच्या अर्जातही ती घातली. तो म्हणाला, मी गरीब नाही. "कचेरीत समदे गरीबच रायतात," असं म्हणून मुन्शीजींनी ओळ तशीच ठेवली. आपला अर्ज कधी परत येत नाही, हा त्यांचा मोठा अभिमान होता, आणि खोटा नव्हता.

माझी लेक पल्लवी शाळेतून थेट दुकानात यायची. मुन्शीजींची नजर अधू व्हायला लागली तसं, अंगठा घेण्याआधी अर्ज लोकांना मराठीत वाचून सांगायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं. एका दुपारी सीमेवरच्या गावची एक म्हातारी अंगठ्याला शाई लावून बसली होती, टेबलावर तिची पहाणी, म्हणजे आमच्याकडचा सातबारा. पल्लवी वाचता वाचता थांबली. "आजोबा, पहाणीत सर्वे नंबर येगळा हाय." रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. अंगठा उमटला असता तर म्हातारीचा अर्ज भलत्याच्याच रानावर गेला असता. मुन्शीजींनी कागद फाडला, नवा लिहिला आणि आठवडाभर पोरीशी बोलले नाहीत. माझ्याकडचा चहाही घेईनात. पुढे ते निवळलं, पण त्या दुपारचा विषय कुणी काढत नव्हतं.

वर्षभरानं पल्लवीनं हैदराबादकडच्या एका निवासी शाळेचा फॉर्म आणला. तिला तिथंच जायचं होतं, दुसरं काही सुचत नव्हतं. फॉर्मसोबत एक पान होतं : तुम्ही स्वतः केलेल्या, तुम्हाला अभिमान वाटणाऱ्या एका गोष्टीविषयी लिहा. खाली घराबाहेरच्या एका माणसानं ती गोष्ट खरी असल्याचं लिहून सही करायची. मुदत शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

जगाचे फॉर्म मी डोळे मिटून भरते, पण लेकीचा काही केल्या पुढे सरकेना. शनिवार उजाडला तरी पान कोरं. "मी काय केलं माय? काईच नाई," एवढंच तिचं पालुपद. बक्षीस नाही, पदक नाही. मला तिचा राग येत होता आणि रडूही येत होतं.

शेवटी दुपारी तिला मुन्शीजींपुढे नेऊन बसवली. टोपण दातांत गेलं. तकलीफ विचारली. पोरगी म्हणाली, तकलीफ नाही. मुन्शीजी अडले. मग सवयीनं लिहीतच सुटले. मी चांगली ठणठणीत उभी होते, पण कागदावर मला दमा लागला होता आणि घरात खायला नव्हतं. शेवटी ती ओळ. पल्लवीनं कागद वाचून हळूच परत सरकवला. यातलं मी काहीच केलेलं नाही, म्हणाली.

तीन वाजून गेले होते. तिच्या मनात त्या म्हातारीचा अर्ज आहे, हे मला ठाऊक होतं. ती मुन्शीजींच्या तोंडाकडे बघायची आणि मान खाली घालायची. ज्यांचं पोट त्या नावावर चालतं, त्यांची चूक लिहून शाळा मिळवायची? मीच बोलायला हवं होतं. बोलले नाही, त्याची मला अजून लाज वाटते.

मुन्शीजींनी टोपण तोंडातून काढून टेबलावर ठेवलं.

"त्या बुढीचा नंबर लिव," ते म्हणाले. "चूक कोनाची होती तेबी लिव."

"आजोबा, लोक तुमाले काय मनतील?"

"ते मी पाह्यतो. तू काऊन घाबरून राह्यली? मी वाचलं नाई. तू वाचलं."

तिनं एका बैठकीत पान भरलं. खाली मुन्शीजींनी लिहिलं : चूक माझी होती, या मुलीनं ती चार लोकांत सांगितली. सही करायची सोडून हात पुढे चालतच राहिला, अर्जदार गरीब व लाचार. मग थांबला. मुन्शीजींनी ती ओळ दोनदा जोरात खोडली आणि सही केली. नवं पान घ्यायला वेळ नव्हता. ते तसंच स्कॅन करून पाचला काही मिनिटं असताना मी फॉर्म पाठवला.

मुलाखतीत तिला विचारलं म्हणे, खोडलेलं काय आहे? आमच्याकडे शेवटी तसं लिहायची पद्धत आहे, माझ्यासाठी त्यांनी ती मोडली, असं तिनं सांगितलं. तिला प्रवेश मिळाला.

ती गेल्यावर मुन्शीजी अंगठा घेण्याआधी प्रत्येक अर्ज माझ्यापुढे धरू लागले. "वाचा जरा बाई. नंबर पाहा." एवढ्या अभिमानी माणसाला ते म्हणताना बघून मला भरून यायचं.

मागच्या थंडीत ते गेले. टेबलाच्या खणात शेवटचा एक अर्ज निघाला, अंगठा न घेतलेला. कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं : पल्लवीले दाखवणे.

सुट्टीत आल्यावर तिनं तो सोबत टाचलेल्या पहाणीशी ताडून पाहिला. नंबर बरोबर होता.