ताण देऊन ठेवलेलं चाक

बनसोडे काकांना घाई झालेली मी कधी पाहिली नाही. पुंडलिकनगरात त्यांच्या शेजारी आम्ही राहायला गेलो, त्याच आठवड्यात माझ्या लोणच्याच्या बरणीचं झाकण अडकलं. नवऱ्याने जोर लावून पाहिला, मग मी लाटण्याने ठोकायला लागले. तो आवाज ऐकून कुंपणाच्या भिंतीपलीकडून काका म्हणाले, "बाई, मारू नका तिला. इकडं द्या." त्यांनी झाकणाभोवती गरम पाण्यातून पिळलेलं फडकं करकचून आवळलं, बरणी भिंतीवर ठेवली आणि खुशाल पेपर वाचत बसले. मला वाटलं, विसरले. बऱ्याच वेळाने उठून त्यांनी दोन बोटांनी झाकण फिरवलं आणि बरणी माझ्या हातात दिली. "अडकल्या वस्तूला मारायचं नाय. ताण द्यायचा आन चहा प्यायचा. आपसूक सुटती."

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून त्यांचा जन्म गेला होता. नम्रपणा वगैरे त्यांच्या गावी नव्हता. "माझ्या हातानं न सुटणारा नट अजून कोन्या कारखान्यानं काढला नाय," असं ते पाहुण्यांना पहिल्या भेटीत सांगत. प्रत्येक दुखण्यावर औषध मात्र एकच. पोरगं अभ्यास करत नाही, ताण द्या आणि थांबा. भाडेकरू घर सोडत नाही, तेच. नळाला आठवडाभर पाणी आलं नाही तरी तेच म्हणायचे. त्यावर काकू आतून म्हणायच्या, "प्या मंग चहा, बिनपान्याचा."

अंगणात पत्र्याच्या शेडखाली त्यांची मोटार होती. काळी, गोल डोळ्यांची, कुणा जहागीरदाराच्या तबेल्यात कोंबड्या अंगावर घेऊन पडलेली. काका आणि त्यांचा धाकटा भाऊ सुरेश, दोघांनी मिळून ती घेतली होती. वडील लवकर गेले, सुरेशला काकांनीच वाढवलं, हातात पाना धरायलाही त्यांनीच शिकवलं. दर रविवारी दोघं भाऊ त्या मोटारीखाली असायचे आणि बाहेर फक्त चार पाय दिसायचे. त्या पायांकडे पाहून मला उगाच बरं वाटायचं.

सुरेशच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा नवरी याच मोटारीतून जाणार, हेही ठरलं. क्लच बदलायला हवा होता, म्हणून इंजिन उतरवून लोखंडी घोडीवर ठेवलं. त्यामागचं फ्लायव्हील, म्हणजे परातीएवढं जड बिडाचं चाक, काही केल्या निघेना. निमुळत्या दांड्यावर ते वर्षानुवर्षं आवळून बसलेलं. काकांनी मधला नट सैल केला, पण चार आटे तसेच ठेवले. "सुटताना बंदुकीसारखं सुटतं. नट काढून घेतला तर पायाचा भुगा." मग चाक ओढून काढायचा तीन पायांचा पुलर लावला, पाना थोडा फिरवला आणि चहा मागवला. रोज थोडा ताण, रोज चहा. लग्न जवळ येत चाललं. काकू रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातून विचारायच्या, "सुटलं का हो?" आणि काका म्हणायचे, "सुटंल."

एका दुपारी काका गुलमंडीत आहेराचे कपडे आणायला गेले असताना सुरेशचा धीर सुटला. त्याने घण उचलला. चाक हललं नाही, पण कडेचे दात उडून अंगणात पडले. काका परत आले तेव्हा घरात पाहुणे होते, होणारे व्याहीही होते. काका ओरडले नाहीत. उडालेला एक तुकडा उचलून म्हणाले, "याच्या हातात पाना दिला, तितंच माझं चुकलं."

सुरेश हात न धुताच निघून गेला. नवरी भाड्याच्या गाडीतून गेली. काका लग्नाला गेले, लग्नाच्या मंगल गाथा म्हणून होईपर्यंत मागे उभे राहिले, फुलं टाकली आणि न जेवता परत आले. पुतणी स्टेजवरून मान उंच करून काकाला शोधत होती. ते मी पाहिलं आहे.

त्यानंतर सुरेश आला नाही आणि काका गेले नाहीत. सुरेश राहायचा क्रांती चौकापलीकडे, रिक्षाने जेमतेम चहा निवेल एवढ्या अंतरावर. काकांनी भंगारातून दुसरं चाक शोधून आणलं, पण जुनं निघाल्याशिवाय ते बसणार कसं? म्हणून पुन्हा पुलर, पुन्हा चहा. मी एकदा चिडून म्हटलं, "काका, एक फोन करा त्यांना."

"ताण बसलाय बाई. सुटंल एक दिवस."

"कोण? चाक की सुरेशभाऊ?"

ते हसले. "दोन्ही बी."

एकदा मोसंबी घेऊन ते त्याच्या गल्लीत गेले होते. मला कसं कळलं? ती मोसंबी आमच्याकडे आली. "दार लावलेलं व्हतं," म्हणाले. मी म्हटलं, "मग वाजवायचं की." तर म्हणतात, "वाजवून उघडलं तर काय उघडलं? त्यानं आतून उघडाया पायजे." मला त्यांचा फार राग आला. अजून येतो. लोखंडाला थांबायला वेळ असतो. माणसांना कुठला?

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, भर दुपारी, शेडखालच्या खुर्चीवर बसल्या बसल्या काका गेले. शेजारी अर्धा चहा होता आणि पुलर आवळलेला होता.

सुरेश धावत आला. काकांच्या जलदानविधीच्या दिवशी बुद्धवंदना झाली, खीर-पुरीच्या पंगती उठल्या, माणसं पांगली. तो एकटाच शेडमध्ये जाऊन बसला. मी चहा घेऊन गेले. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मी बी येत व्हतो बाई. गल्लीच्या तोंडापर्यंत यायचो. इथनं दादा खुर्चीत बसल्याला दिसायचा."

"मग आत का नाही आलात?"

"जिंदगीत एकदाच घाई केली, तर दादा तसं बोलला. मंग म्हणलं, आता घाई करायची नाय. दादानं शिकवलं तसं थांबायचं." त्याने तळहाताने पुलरवरची धूळ पुसली. "थांबलो."

त्याने पाना घेतला, पुलर थोडासा फिरवला आणि ठेवून दिला. मग काकांसारखाच दोन्ही हातांत कप धरून चहा प्यायला लागला.

कप अर्धा झाला असेल. बार उडाल्यासारखा आवाज झाला. गेटपाशी उभी असलेली माणसं दचकून वळली. चाक सुटलं होतं आणि काकांनी चार आट्यांवर ठेवलेल्या त्या नटाला अडकून राहिलं होतं. सुरेशच्या पायांपासून ते वीतभर अंतरावर होतं.

स्वयंपाकघरातून, भांडी आवरता आवरता, सवयीने काकूंचा आवाज आला, "सुटलं का हो?"

आणि मग आतला भांड्यांचा आवाजही थांबला. सुरेशने कप खाली ठेवला.

"सुटलं वैनी," तो म्हणाला.