दुसऱ्याच्या कात्रीखालचं कापड

मास्तरांच्या नाकावर माशी बसायची सोय नव्हती. चाळीस वर्षं पँटी आणि कोट शिवत होते, आणि हातही तसाच होता, खोटं कशाला बोला. पण त्या हातावर माज केवढा! एकदा एक भला माणूस दुसरीकडे शिवलेला कोट घेऊन आला. खांद्यात सैल होता, बाकी कापड उंची. मास्तरांनी कोट उलटा केला, आतली शिवण बघितली आणि दुकानाच्या पायरीवर नेऊन ठेवला.

"दुसऱ्याच्या कात्रीखालून गेलेलं कापड मी हातात घेत नाही. ज्यानं कापलंय त्याच्याकडे जा."

"अहो मास्तर, दुप्पट पैसे देतो."

"म्हणजे दुप्पट अपमान करता होय?"

पडद्यामागे काजं-बटणं करत बसलेल्या बायकोनं हे ऐकलं आणि मान खाली घातली. तिला सगळी गल्ली काकू म्हणायची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती पुढच्या बाजूला बसत असे. एका गिऱ्हाइकाला "डाव्या खांद्यात जरा ओढतंय का हो?" एवढंच विचारलं, त्या दिवशी मास्तरांनी पडदा लावला. पस्तीस वर्षं झाली, पडदा तीनदा बदलला, काकू मागेच.

मास्तरांना साखर निघाली तेव्हा त्यांनी तीही कापडासारखीच एका माणसाच्या हवाली केली. साखरेचे डॉक्टर चांगले होते, रक्तदाबही तेच बघायचे. काकूंनी कागदांसाठी निळी पिशवी शिवली. मग गुडघा धरला. पायमशीन चालवणाऱ्याचा गुडघा गेला की धंदा गेला. शेजारच्या इस्त्रीवाल्यानं हाडाच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं, आणि मास्तर तिकडे गेले. निळी पिशवी मात्र घरी ठेवून गेले.

"अहो, साखरेचे कागद तरी न्या."

"वेडी आहेस का? एकाचं काम दुसऱ्याच्या नाकासमोर धरायचं? माझ्याकडे कोणी असं केलं तर मी काय करतो?"

हाडाच्या डॉक्टरांनी विचारलं, साखर आहे का? मास्तर म्हणाले, थोडीशी, पथ्यावर आहे. कोणाकडे दाखवता? कोणाकडेच नाही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ते हे असं. डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या. दहा दिवस घ्या, मग येऊन दाखवा म्हणाले.

गोळीनं जादू केली. गुडघा गप्प, मशीन खडखडा. दहा दिवसांनी दाखवायला कोण जातंय? औषधाच्या दुकानातला माणूस ओळखीचा, तोच जुना कागद दाखवला की पाकीट मिळायचं. दहा दिवसांचं दीड वर्ष झालं. काकूंनी त्या कागदाला तपकिरी पिशवी शिवली. दोन पिशव्या दोन खुंट्यांवर. औषधाचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे, पण तिकडे जाताना मास्तर लांबच्या रस्त्यानं जायचे. साखरेच्या दवाखान्यासमोरून तपकिरी पिशवी न्यायची त्यांना लाज वाटायची.

मग साखरेच्या डॉक्टरांकडे आकडे बिघडायला लागले. रक्तदाब चढला. पायाला सूज, चपलेचा पट्टा रुतायला लागला. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि चष्मा काढून ठेवला.

"मास्तर, किडनीचं निम्मं काम शिल्लक आहे. तेवढं सांभाळलंत तर ऐंशीपर्यंत मशीन चालवाल. ते गेलं तर आठवड्यातून तीनदा इथे येऊन रक्त धुवायच्या यंत्राला जोडून पडायचं, मरेपर्यंत. कळतंय ना? मीठ जास्त होतंय का घरात?"

मास्तरांनी काकूंकडे बघितलं, आणि दवाखान्यातल्या सगळ्यांनी काकूंकडे बघितलं.

त्या दिवसापासून घरात मीठ बंद झालं. काकूसुद्धा अळणी जेवायला लागल्या, कारण दोन भांडी वेगळी ठेवली तर मास्तरांना संशय यायचा. तरी पुढच्या महिन्यात आकडा वर. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी वर. घरी आल्यावर मास्तरांनी ताट भिंतीवर फेकलं.

"मारायला निघालीस मला! चोरून घालतेस मीठ!"

"देवाशपथ चिमूटभरसुद्धा घातलं नाही हो."

"मग आकडा काय आभाळातून पडला?"

काकूंनी भिंत पुसली. पुसता पुसता त्यांची नजर तपकिरी पिशवीवर गेली. बाई शिकलेली नव्हती, पण शिवण कुठे फाटली हे कापडाकडे बघून तिला कळायचं. सूज कधीपासून आली? गोळी सुरू झाल्यावर. त्याआधी मीठ नेहमीचंच होतं आणि पाय सडसडीत होते. तिनं मास्तरांना तसं सांगितलंही. "डॉक्टरीण झालीस काय?" एवढं उत्तर मिळालं.

पुढच्या खेपेला काकूंनी गुपचूप तपकिरी पिशवी निळीच्या आत घातली. दवाखान्यात नंबर यायच्या आधी मास्तरांनी चष्मा काढायला आत हात घातला, आणि हाताला ती लागली.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं होतं. अगदी हळू, चारचौघांत, ते म्हणाले, "ही बाहेर नळामागे ठेवून ये. तूच ठेव, तुझ्या हातानं."

काकूंनी ठेवली. ओल्या भिंतीशी, बादलीमागे. परत येऊन बाकावर बसल्या.

आत डॉक्टरांनी या वेळी सरळच विचारलं. "मास्तर, दुखण्याच्या गोळ्या घेता का? गुडघ्याच्या, पाठीच्या, कसल्याही? नीट आठवून सांगा. तुमच्यासारख्या किडनीला त्या विष असतात."

विष म्हणाले ते. काकूंनी ऐकलं, मास्तरांनीही ऐकलं. काकूंनी तोंड उघडलं, आणि टेबलाखाली मास्तरांचा पाय त्यांच्या पायावर आला. मशीनचं पायडल दाबावं तसा त्यांनी तो दाबला आणि दाबूनच ठेवला.

"छे हो डॉक्टर," मास्तर म्हणाले. "तुमच्याशिवाय मी कोणाची गोळी घेत नाही."

डॉक्टर काकूंकडे वळले. "काकू?"

"हिला काय विचारता? हिला आकडासुद्धा वाचता येत नाही."

काकूंनी मान हलवली. नाही म्हणाल्या. आता तुम्ही म्हणाल, बाईनं बोलायला नको होतं का? म्हणणं सोपं आहे. पस्तीस वर्षं ज्या पायानं घर चाललं तो पाय आपल्या पायावर असताना बोलून दाखवा.

निघताना काकूंनी नळामागची पिशवी उचलून घेतली. घरी जाऊन मास्तर गोळ्या बंद करतील, असं तिला वाटलं होतं. विष म्हटल्यावर तर करतीलच. त्यांनी दोन दिवस बंद केल्या. तिसऱ्या दिवशी कोटाची ऑर्डर होती, गुडघा उठू देईना. "एवढा कोट होऊ दे," म्हणाले. मग लग्नाच्या चार पँटी आल्या. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही.

पाच आठवड्यांनी मास्तर कापायच्या टेबलावर पालथे पडले. श्वास पुरेना, चेहरा सुजून डोळे मिटलेले. इस्त्रीवाल्यानं आणि काकूंनी मिळून गाडीत घातलं. दवाखान्यात साखरेच्या डॉक्टरांसमोर काकूंनी दोन्ही पिशव्या टेबलावर ओतल्या. रिकाम्या पाकिटांचा ढीग पडला.

डॉक्टरांनी जुना कागद उचलला. वरचं नाव वाचलं.

"अहो, हा तर माझ्या वर्गातला. रोज दुपारी आम्ही एकत्र जेवतो, इथेच, या टेबलावर. तुम्ही नुसता हा कागद दाखवला असता तर मी जेवता जेवता बोललो असतो." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, काकू?"

"होतं."

डॉक्टरांनी रिकामी पाकिटं मोजायला घेतली. रागावले असते तर काकूंना रडता तरी आलं असतं.

किडनी गेली ती गेलीच. चार दिवसांनी मास्तर शुद्धीवर आले. हातात सुई, शेजारी यंत्र, त्यात त्यांचंच रक्त फिरतंय. पहिला प्रश्न काय विचारावा माणसानं?

"पिशवी दाखवलीस?"

"दाखवली."

"चिडले का ते?"

"नाही."

"मग काय म्हणाले? दुसऱ्याकडे गेलो म्हणून?"

काकूंनी त्या यंत्राकडे बघितलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. कोणी पुन्हा विचारणार नव्हतं. पण त्यांनी सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. "ते दोघं मित्र आहेत. रोज एका टेबलावर जेवतात."

मास्तरांनी भिंतीकडे तोंड केलं. त्या बाजूला सुई होती, म्हणून नर्सनं पुन्हा सरळ केलं.

आता आठवड्यातून तीन दिवस मास्तर यंत्राला. उरलेले दिवस दुकानात, खुर्चीत. मशीनवर काकू बसतात. पडदा त्यांनी काढून पायपुसण्याला घेतला. नवा कोट कापणं काही त्यांना जमत नाही, म्हणून त्या दुरुस्तीची कामं घेतात. कंबर सैल करायची, बाही आखूड करायची, सगळ्या दुनियेच्या कात्रीखालून आलेले कपडे.

परवा तोच भला माणूस आला, कोटवाला. दबकतच आला. मास्तरांना खुर्चीत बघून म्हणाला, "हा दुसरीकडचा आहे. मास्तर हात लावत नाहीत ना?"

"लावतात आता," काकू म्हणाल्या.

त्यांनी कोट उलटा करून मास्तरांच्या मांडीवर टाकला आणि छोटी कात्री उजव्या हातात दिली. डाव्या हाताला सुयांच्या गाठी आल्या आहेत, तो जपावा लागतो.

"डावा खांदा उसवा," त्या म्हणाल्या. "नीट. कापडाला धक्का लागता कामा नये."

मास्तरांनी वर बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"उसवा म्हटलं ना," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पायडल दाबलं. मास्तर खाली वाकले आणि एकेक टाका उसवायला लागले.