कूस

सासूबाई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या, त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, हे काम माझं. नवरा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. घरी आला की आईच्या पायाशी बसून "बरं हाय ना?" एवढं विचारायचा आणि उत्तर यायच्या आत घोरायला लागायचा.

मला काय होतंय हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मलाही माहीत नव्हतं. सासूबाई दुपारी शांत झोपल्या की मी त्यांच्या नाकापुढे बोट धरायचे. एकदा त्यांनी डोळे न उघडताच सांगितलं, "हाय गो, हाय. जा, जेव."

शेवटी पनवेलची नणंद दोन दिवस राहायला आली आणि तिनं मला किहीमला, माहेरी पाठवलं. मी तिला सूचना लिहून दिल्या, वहीची चार पानं. एसटीतून तीनदा फोन केला. चौथ्यांदा तिनं उचलला नाही, तर मी मनातल्या मनात बाराव्यापर्यंत सगळं उरकून टाकलं. ती केस धूत होती.

दुपारी आई ओटीवर चटई टाकून झोपली होती. दोन वाजले. मी उठले, तिच्या खांद्याखाली एक हात घातला, कमरेखाली दुसरा, आणि तिला सफाईनं भिंतीकडे वळवलं. पाठीशी उशीही लावली.

"अगो, मी धडधाकट हाय! काय करतेस?"

मी खूप हसले. हसता हसता रडू फुटलं, ते थांबेचना. आईनं मला त्याच चटईवर झोपवलं. जाग आली तेव्हा दिवे लागले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी घाईघाईनं परतले. सासूबाईंची वेणी घातलेली, चादर बदललेली, पाठ कोरडी. मला बघून म्हणाल्या, "एवढ्या लवकर कशाला आलीस?"

खरं सांगते, वाईट वाटलं. माझ्यावाचून काही अडलं नाही, ही तक्रार कुणाकडे करणार?

नणंदेनं मात्र लगेच पिशवी भरायला घेतली. मग स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "वहिनी, आई जरा खोकली तरी छातीत धस्स होतं माझ्या. तुला रोज असं होतं?"

"रोज."

पुढच्या आठवड्यात तीच मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी विचारलं, "झोप लागते का?" मी तोंड उघडायच्या आत नणंद म्हणाली, "न्हाय लागत."