उमापूरच्या ज्वारीतली सीडी

माझ्या मामीला नकार देऊन सुखाने बसलेला माणूस अख्ख्या बीडमध्ये सापडणार नाही. नळ सोडणाऱ्यापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना ती एकच विचारायची, "न्हाई तर न्हाई, पण कावून?" औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद तिने एकदा माझ्याकडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घेतला आणि दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना गोळी बदलायला लावली. मामांच्या माघारी त्यांची टायपिंगची संस्था तीच चालवायची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिने तिथे दोन संगणक आणले, मासिकासोबत मिळालेल्या सीडीवरून त्यांत लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली घातली आणि मुलींना संगणक शिकवायला मला बसवलं.

मुलींच्या संगणकाच्या परीक्षेला चार दिवस उरले असताना परीक्षेचा नवा प्रोग्राम आला. त्याला एक नवी लायब्ररी हवी होती. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो भाग. संगणक पडद्यावर कारण देऊन नको म्हणत असताना मी ती जबरदस्तीने बसवली. परीक्षेचा प्रोग्राम चालला, पण छपाईचा बंद पडला, कारण त्याला जुनीच लायब्ररी लागत होती. आणि उत्तरं छापून दिल्याशिवाय मंडळ परीक्षा धरणार नव्हतं. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांनी शिरूर कासारहून बीडला मावशीकडे आणून ठेवलेल्या दोघी या मुलींत होत्या. मला रडू फुटलं.

मामी रागावली नाही. "ते कारण सांगत हुतं की गं. वाच आता." मी वाचत गेले, ती कॅलेंडरच्या पाठीवर लिहीत गेली: कुणाला काय पाहिजे, कुणाचं कुणाशी जमत नाही. छपाईचा नवा प्रोग्राम मिळाला तर सगळं जुळत होतं. तो मासिकाच्या पुढच्या अंकाच्या सीडीत होता आणि विचारत गेल्यावर तो अंक उमापूरच्या एका गुरुजींकडे असल्याचं कळलं. आम्ही एसटीने उमापूर गाठलं.

"सीडी हाय की," गुरुजी म्हणाले, "पाखरं हाकायला ज्वारीत टांगलीय."

मामी पदर खोचून ज्वारीत शिरली, सीडी सोडवून आणली आणि हौदावर साबणाने धुतली.

परत येऊन मी आधी सगळं पूर्ववत केलं. मग लायब्ररी घालायला गेले, तर जुना छपाईचा प्रोग्राम आडवा. नवा छपाईचा घालावा, तर त्याला आधी लायब्ररी पाहिजे. मामीने कागद पाहिला. "मंग तिघांना एकदमच घे की." मी एकाच ओळीत लायब्ररी, नवा छपाईचा आणि परीक्षेचा प्रोग्राम अशी तिन्ही नावं लिहिली. संगणकाने एकही तक्रार केली नाही. प्रिंटर करकरत पहिली ओळ छापू लागला तेव्हा मुलींनी टाळ्या पिटल्या, आणि मामी एखादा गड जिंकल्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

सगळ्या मुली पास झाल्या. निकालाच्या दिवशी त्या गेल्यावर मी सहज विचारलं, "मामी, तुम्ही कधी बसला नाहीत परीक्षेला?"

"फॉर्मवर धाव्वी पास लिव्हावं लागतं गं," ती म्हणाली, आणि एकेक खुर्ची आत सरकवत राहिली.