गोदावहिनी आणि भुणभुणणारा बेंजो

पांडुरंगच्या बेंजोवर मी बसलो, हे खरं आहे. मुद्दाम बसलो नाही, हेही खरं आहे. पण बेंजोच्या दृष्टीनं त्यात फारसा फरक पडत नसावा. बुधवारा पेठेत पॉवरलूमच्या कारखान्याला लागून देऊळ आहे, तिथं आमच्या भजनी मंडळाची तालीम होती. धूळ बसू नये म्हणून पांडुरंगनं वाद्यावर बायकोची, म्हणजे सरस्वतीवहिनींची, जुनी शाल पांघरली होती. मला वाटलं, लोड आहे. मंडळानं लोड कधी घेतला, असा प्रश्न मनात आला खरा, पण तोवर मी निम्म्या वाटेवर होतो, आणि माझ्या वजनाचा माणूस निम्म्या वाटेवरून परत फिरत नाही.

'टण्ण' असा आवाज झाला. त्यानंतर जी शांतता पसरली, तशी आमच्या मंडळाला ध्यानाच्या वेळीही कधी जमलेली नाही.

ज्यांनी बेंजो पाहिला नसेल त्यांना सांगतो. हातभर लांब चपटी पेटी, वर तारा, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं आणि पोटात पिकअप नावाची तांब्याची गुंडाळी. वायर अॅम्प्लिफायरला जोडली की वरातीपासून आरतीपर्यंत काहीही वाजतं. पांडुरंग माझ्याबरोबर कागदाच्या मिलमध्ये होता, लगदा ढवळायच्या खात्यात. दिवसभर लगदा, संध्याकाळी बेंजो. लगदा निवृत्तीबरोबर सुटला. बेंजो एकतीस वर्षं मंडळात वाजतो आहे.

उचलून पाहिलं तर बेंजोला विशेष काही झालं नव्हतं. दोन बटणं वाकली होती, ती मंडळाच्या अध्यक्षांचा, कडूआप्पांचा, पुतण्या रितेश यानं सरळ केली. माझ्या पायात येऊन अॅम्प्लिफायरची विजेची वायर तेवढी प्लगसकट उपटली होती. मी दुसऱ्याच दिवशी पदरचे पैसे घालून नवी आणली. जाड, तीन पिनांची. पण जुनी वायर लांब होती, गाभाऱ्यामागच्या सॉकेटपर्यंत जायची. नवी पोचेना. एक्स्टेन्शन बोर्ड लावावा तर त्याला भोकं दोनच. मग मी पक्कड घेतली, वरची जाड पिन पिरगाळून काढली, आणि प्लग असा झक्क बसला की कडूआप्पासुद्धा म्हणाले, "मधुकरभाऊ, डोकं चालतं हां तुमचं!" कडूआप्पांनी कुणाला चांगलं म्हटल्याची मंडळाच्या इतिहासात ही एकच नोंद आहे.

त्याच संध्याकाळी बेंजो भुणभुणायला लागला.

भुर्रर्र! जणू एक मोठा भुंगा देवळात शिरलाय आणि त्याला बाहेरची वाट सापडत नाहीये. बरं, सारखं भुणभुणेल तर शपथ. अभंग सुरू झाला की भुर्रर्र, मध्येच बंद, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला की पुन्हा भुर्रर्र. एकदा तर 'बोला पुंडलिक वरदे' म्हणायच्या आधी बेंजोच बोलला.

"बसल्यानं आतलं काहीतरी हाललंय," असं सगळ्यांचं मत पडलं. माझंही पडलं. कडूआप्पांनी फर्मान काढलं, "इच्छापूरच्या यात्रेत देवीपुढे आपलं भजन आहे. येत्या बुधवारच्या तालमीपर्यंत हा भुंगा गेला तर ठीक. नाहीतर यंदापासून आपल्या रितेशचा कीबोर्ड. पांडुरंगनं टाळ घ्यावेत."

"अंकल, कीबोर्डमध्ये बेंजोचा साउंडपण आहे," रितेश समजुतीनं म्हणाला. "बटन दाबलं की बस. आप टेन्शन मत लो."

पांडुरंग बेंजोवरची शाल नीट करू लागला. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाला, "बसा मधुकरराव. जागा बघून बसा."

एकतीस वर्षं हा माणूस मला 'मध्या' म्हणत आला आहे. मिलमधल्या साहेबापुढेही 'मध्या' म्हणाला होता. 'मधुकरराव' ऐकल्यावर मला रात्री भाकरी गोड लागेना. बेंजो काखोटीला मारून मी गोदावहिनींकडे गेलो.

गोदावहिनींच्या दुकानावर पाटी आहे 'चुडामण मोटार वाइंडिंग'. चुडामणभाऊ म्हणजे त्यांचे यजमान. सज्जन, हसतमुख, आणि पाटीवरच्या तीन शब्दांपैकी शेवटच्या दोनांशी संबंध नसलेले. केळीच्या मळ्यांतल्या पंपाच्या मोटारी जळतात, त्या नव्यानं भरायच्या म्हणजे तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे मोजून घालायचे. चुडामणभाऊंना चाळीसपर्यंत जमायचं. एक्केचाळिसाव्या वेढ्याला रस्त्यावरून कुणीतरी 'काय भाऊ?' म्हणायचं, की भाऊ उत्तर द्यायचे आणि वेढे पुन्हा एकपासून. एक मोटार सव्वा महिना चालली तेव्हा गोदावहिनींनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि त्यांना बाहेर खुर्ची टाकून दिली. तेव्हापासून भाऊ बोलतात आणि वहिनी मोजतात.

वहिनी जैनाबादकडच्या. लहानपणी दर उन्हाळ्यात बापाची मोटार जळायची आणि ती भरून होईपर्यंत बाप-लेक याच दुकानात बसून राहायचे. बाप पेंगायचा, पोरगी बघायची. चौथ्या उन्हाळ्यात चुडामणभाऊंच्या वडिलांनी मागणी घातली. जावई बघायचा म्हणून सासऱ्यानं तीच मोटार चारदा जाळली, असं चुडामणभाऊ लाजत सांगतात. "मोटारच भंगार होती," एवढंच वहिनी सांगतात.

अंबाड्यात टेस्टर खोचलेला, एक हात नेहमी पाठीमागे, कारण करंट लागलाच तर एकाच हाताला लागावा. आणि बोलायचं ते दर पन्नासाव्या वेढ्याला. मध्ये विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पन्नास भरल्यावर मिळतं, तेही एका वाक्यात, कारण पुढचा वेढा वाट पाहत असतो. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांचे हाल होतात. एकदा एका शेतकऱ्यानं मोटारीचं काय झालं म्हणून विचारलं आणि तो तंबाखू आणायला गेला. तेवढ्यात शेजारचा दीपक येऊन विचारता झाला, "वहिनी, आमच्या पोराचं बारावीचं काय होईल वो?" पन्नास भरले. वहिनींनी मान वर न करता सांगितलं, "जळून खाक झालंय. नवीन घ्या." दीपक तिथंच पायरीवर बसला.

मी बेंजो पुढे ठेवला. बसल्याची हकिगत सांगितली, शाल, लोड, सगळं. पिनेचं काही सांगितलं नाही. ते आपलं चांगलं काम, स्वतःच्या तोंडानं काय सांगायचं! चुडामणभाऊ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पन्नास भरले.

"कवा वाजतं?" वहिनी म्हणाल्या.

"कशानं वाजतं ते विचारा ना, वहिनी. मी बसलो म्हणून—"

अजून पन्नास.

"कवा वाजतं ते लिहून आणा. आठ दिवस."

मंडळात वही आली आणि जो तो लिहू लागला. चुकून आमच्या हाती शास्त्र पडलं होतं. सरस्वतीवहिनींनी लिहिलं, 'यांनी निळा सदरा घातला की वाजतं.' तबलजी गोटूनं लिहिलं, 'विरहाच्या अभंगाला जास्त.' कुणी लिहिलं, शुक्रवारी बिलकुल वाजलं नाही, कारण शुक्रवार देवीचा. हे सगळ्यांना पटलं. त्यावर गोटूनं इच्छापूरचं भजन शुक्रवारी हलवायची सूचना मांडली. पण यात्रा मंगळवारची, आणि देवीला तारीख बदलायला सांगणार कोण?

सरस्वतीवहिनींच्या मते जैनाबादला त्यांच्या भावाच्या मळ्यात बेंजो कधीच भुणभुणला नव्हता. म्हणून आम्ही पाच जण बेंजो, अॅम्प्लिफायर आणि वही घेऊन तापी ओलांडून गेलो. केळीत सतरंजी अंथरली. पांडुरंगनं तारा छेडल्या. भुणभुण नाही! आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. मग सरस्वतीवहिनींच्या भावानं सांगितलं की वीज सकाळपासून नाही. ते वहीत लिहावं की नाही, यावर परतीच्या वाटेवर मतदान झालं.

आणि मग सोमवारी चमत्कार झाला.

कडूआप्पा सतरंजीवर बसत नाहीत. सतरंजीत ढेकूण आहेत असं त्यांचं म्हणणं, म्हणून ते उघड्या फरशीवर अनवाणी पाय टेकवून बसतात. बेंजो भुणभुणत होता. "हे असलं वाद्य!" म्हणून आप्पांनी बेंजोत वायर जिथं घुसते तिथल्या लोखंडी चकतीवर बोट आपटलं, आणि भुणभुण थांबली. बोट उचललं, सुरू. ठेवलं, बंद.

पहिला नमस्कार गोटूनं घातला.

"आप्पा, ही तुमची पुण्याई!"

"मला नुसत्या मुंग्या येतात बोटाला," आप्पा म्हणाले.

"तोच साक्षात्कार!" सगळे म्हणाले.

ज्या माणसानं देवळाच्या नळावरून तीन पुजाऱ्यांशी भांडण काढलं, त्याच्या बोटात हे तेज! पण पुरावा समोर होता. मीही बोट लावून पाहिलं, मी सतरंजीवर बसलेलो, काही होईना. याचा अर्थ सगळ्यांनी माझ्याकडे पाहूनच लावला. आप्पा दोन तास बेंजोला बोट लावून बसले. पाणी रितेशनं पाजलं. मध्येच त्यांना मोरीकडे जायचं होतं, तर "आप्पा, एवढा अभंग!" म्हणून गोटूनं त्यांचा खांदा दाबला. शेवटी घाम पुसत आप्पांनी जाहीर केलं की कीबोर्ड रद्द. इच्छापूरलाही ते असेच बोट ठेवून बसतील, मंडळासाठी त्यागाची त्यांची तयारी आहे.

मला आनंद झाला. पांडुरंगला नाही. तो शालीची घडी घालत म्हणाला, "एकतीस वर्षं मी वाजवतो. आता लोक म्हणणार, कडूच्या बोटावर वाजतो. मधुकरराव, टाळ द्या मला. टाळांना कुणाचं बोट लागत नाही."

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन गोदावहिनींकडे धावलो. वहिनींनी एक मोटार पूर्ण होईस्तोवर वहीला हात लावला नाही. मग वाचली. निळ्या सदऱ्यापाशी चुडामणभाऊंना वाचून दाखवली. नंतर दोन प्रश्न विचारले.

"शुक्रवारी एकदापण नई?"

"एकदाही नाही."

"आन् आप्पा फरशीवर?"

"ढेकणांमुळे."

"येते उद्या," वहिनी म्हणाल्या.

बुधवारी दुपारी चार वाजता त्या आल्या. शेजारच्या लूमचा खडखडाट चालू होता, बेंजो भुणभुणत होता, आप्पा बोट सरसावून तयार होते. पांडुरंग मांडीवर बेंजो घेऊन डॉक्टरांपुढे पोर धरावं तसा बसला होता. वहिनींनी बेंजोकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या वायर धरून धरून एक्स्टेन्शन बोर्डापर्यंत गेल्या आणि प्लग उपटून उजेडात धरला.

"पिन कुठाय?"

"मी काढली," मी पुढे होऊन म्हणालो. अजूनही मला कौतुकाचीच आशा होती.

वहिनींनी माझ्याकडे साधारण पन्नास वेढ्यांइतका वेळ पाहिलं. पिशवीतून नवा प्लग, तीन भोकांचा बोर्ड आणि लांब वायर काढली, गाभाऱ्यामागच्या सॉकेटपर्यंत ओढली, आणि एक हात पाठीमागे ठेवून बटण दाबलं.

पांडुरंगनं तार छेडली. नुसती तार वाजली. तारेमागे काही नाही. शेजारी चाळीस लूम खडखडत होते, आणि आमच्या देवळात बेंजोचा एकच स्वर होता, स्वच्छ.

"लूमच्या मोटारींची घरघर लाइनीतून येते," वहिनी तारा गुंडाळत म्हणाल्या. "तिला जमिनीत जायला वाट पाहिजे. जाड पिन म्हणजे ती वाट. वाट नसली तर ती बेंजोतून बोलते. आप्पा उघड्या फरशीवर बसले, तर आप्पांच्या अंगातून जाते."

"माझ्या अंगातून?" आप्पा जागच्या जागी उडाले ते थेट सतरंजीवर, ढेकणांत. "दोन तास?"

"आणि शुक्रवार?" गोटूनं विचारलं. त्याला एवढ्यात हार मानायची नव्हती.

"जुम्म्याला लूम बंद."

"मग देवी?"

"देवीला दुसरी कामं नाईत का?"

पांडुरंग काही ऐकत नव्हता. त्यानं सगळी बटणं एकदा खालून वर आणि वरून खाली फिरवली, डोळे मिटून अर्धा अभंग वाजवला आणि मग डोळे न उघडताच म्हणाला, "मध्या, सरक तिकडं. शाल आहे ती."

मी सरकलो. इतक्या आनंदानं मी आयुष्यात कधी सरकलो नसेन.

वहिनी निघाल्या तसा त्यांना पोचवायला मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. आठ-दहा दिवस मनावर एक ओझं होतं, ते त्यांच्याकडूनच उतरवून घ्यावं असं वाटलं. एवढ्या जाणत्या बाईनं सांगितलं की झालं.

"वहिनी," मी म्हणालो, "म्हणजे मी बेंजोवर बसल्यामुळे काहीच बिघडलं नव्हतं ना?"

टेस्टर अंबाड्यात खोचत, वळूनही न बघता गोदावहिनी म्हणाल्या, "बसले तवर ठीक होतं, भाऊ, उठले आन् घोळ केला."